सातासमुद्रापार अस्तर

देशाचे दरवाजे उघडले, असं त्या वर्षी जो तो सांगत होता. वर्तमानपत्रं सांगत होती, रेडिओ सांगत होता, आमचे हेडमास्तर तर प्रार्थना झाल्यावर पोरांना उन्हात उभं करून सांगत होते. दरवाजे उघडले म्हटल्यावर आत कोण शिरणार याची काळजी सगळ्यांनी केली. बाहेर कोण जाणार याची काळजी करणारा बुरहानपूरच्या अख्ख्या लोधीपुऱ्यात मी एकटा निघालो.

मी अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवतो. 'परदेशी व्यापार' हा धडा इतकी वर्षं शिकवला की परदेशी व्यापार आपल्याला येतो, असा माझा प्रामाणिक समज झाला होता. पोहण्यावरचा धडा पाठ असणाऱ्याने तापीत उडी मारू नये, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे उषाने सांगितलं होतं. पण बायकोने सांगितलेलं 'कुणी सांगितलं'मध्ये धरायची आमच्याकडे पद्धत नाही.

तर मी घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लावली. 'बुरहानपूर आंतरराष्ट्रीय व्यापार मार्गदर्शन केंद्र.' पेंटर हिंदीतला, त्याने 'अंतर्राष्ट्रीय' असं रंगवलं. मी म्हटलं, मराठीत 'आंतर' असतं. तो म्हणाला, मास्टरजी, पचास दुकानों पे यही लिखा है. गल्ली जमली. अर्धी गल्ली 'अंतर्'च्या बाजूने, अर्धी 'आंतर'च्या बाजूने. दुपार त्यातच गेली. व्यापाराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

समोरच्या धुरपदाबाई मात्र पाटीखाली येऊन उभ्या राहिल्या. वय झालं तरी गल्लीत कोण काय करतं याचा हिशेब त्यांच्याकडेच असायचा.

"काय करून राहिले मास्तर हे?"

"मावशी, आपल्या गावच्या कारखानदारांना परदेशातली गिऱ्हाइकं शोधून देणार."

"आन् गिऱ्हाइकाले इथचं काय पाह्यजे म्हने?"

"तेच तर शोधायचं."

"म्हंजे तुले बी ठाव नाही," असं म्हणून त्या समाधानाने घरी गेल्या.

पहिल्या आठवड्यात केंद्रात गर्दी झाली, नाही असं नाही. एक जण दुबईच्या पासपोर्टसाठी आला. एका आजोबांनी 'मार्गदर्शन' एवढंच वाचून नातीची पत्रिका पुढे केली आणि परदेशातलं स्थळ जमेल का विचारलं. चुडामण ठेकेदार आला. हा नाल्यांवर पूल बांधायचा, आणि नाले ते पूल घेऊन जायचे. "माटसाब, आफ्रिकेत कुठं पुलाचं टेंडर निघालं तर सांगा," तो म्हणाला, "तिकडे पाऊस कमी असतो म्हणतात." असं मोकळं मन व्यापारात फार कमी लोकांचं असतं.

खरा अशील एकच मिळाला, तोही घरातला. नंदकुमार. उषाचा मावसभाऊ. घरामागे त्याचे माग, दिवसभर खडखडाट, आणि त्यावर निघायचं ते अस्तर. कोटाच्या आत, जाकिटाच्या आत लावतात ते कापड. आमच्या बुरहानपूरचं भाग्यच असं, की जे कापड कुणाला दिसत नाही ते आम्ही विणतो. नंदकुमारचा सगळा माल वडिलांच्या वेळेपासून इतवारा बाजारातले मोतीलालशेठ उचलायचे. ते पुढे कुठे पाठवायचे ते शेठ जाणे. नंदकुमारने कधी विचारलं नव्हतं.

"हेच चुकतंय," मी म्हटलं. "मधला माणूस काढा. थेट परदेश."

"पण जिजाजी, मोतीलालशेठ बाबांपासून आहेत."

"नंदू, जागतिक बाजारात बाबा नसतात."

हे वाक्य मला त्या दिवशी फारच आवडलं. आतून उषा म्हणाली, "नंदू, चहा घे आणि घरी जा." पण नंदू गेला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तोवर विमान आलं होतं.

परदेशी व्यापाराला आधी आपल्या देशाची परवानगी लागते. त्यासाठी मी खंडव्याच्या एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव सांगत नाही, अजून त्याच रस्त्याने जावं लागतं. तिथल्या बाबूंनी माझा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"केंद्र का उत्पाद क्या है?"

"मार्गदर्शन."

"नमुना लाए हैं?"

मी म्हटलं, मार्गदर्शनाचा नमुना कसा आणणार? ते म्हणाले, नमुन्याशिवाय फाईल चढत नाही. शेवटी मी त्यांना जवळपास अर्धा तास परदेशी व्यापारावर मार्गदर्शन केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, शेजारच्या बाबूंनीही ऐकलं. मग त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. "अब इसका वजन लिखिए. किलो में." मी रागारागाने 'शून्य' लिहिलं. पुढे कित्येक दिवस मला त्या शून्याचा राग येत राहिला, कारण त्या फाईलमध्ये तेवढंच खरं होतं असं उषाचं मत पडलं.

परवानगीची वाट बघत बसलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण मी दिल्लीतल्या परदेशी वकिलातींना पत्रं टाकली होती. बाकीच्या वकिलाती मोठ्या देशांच्या, त्यांनी मोठ्या देशांसारखं केलं. हंगेरीच्या वकिलातीतून मात्र उत्तर आलं, की आमच्या एका गावातल्या उद्योजक संघाचे गृहस्थ दिल्लीत येत आहेत, त्यांच्याशी अमुक वेळी फोनवर बोला.

इतवाऱ्यातल्या टेलिफोन बूथवर मी आणि नंदकुमार पोचलो. बूथची काच फुटलेली, त्यामुळे आतलं संभाषण सार्वजनिक. रांगेतल्या लोकांना मी दिल्लीला हंगेरीशी बोलणार हे कळल्यावर त्यांनी आपले फोन बाजूला ठेवले. पलीकडून आवाज आला, घोगरा, घाईचा. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच. म्हणजे आमचं जुळलं.

"यू हॅव मार्केट?" त्याने विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढे इतवाऱ्याचा बाजारच होता. "मार्केट? व्हेरी बिग मार्केट!"

"गुड! यू बाय?"

फोनच्या मीटरवर पैसे पळत होते, त्यालाही निरोप घ्यायची घाई असणार. मी ओरडलो, "येस, येस! बाय, बाय!"

पलीकडे तो इतका आनंदला की त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. "आय कम!" एवढं कळलं. रांगेने टाळ्या वाजवल्या. नंदकुमारने माझे पाय धरले. सासुरवाडीच्या माणसाने पाय धरले की माझ्यासारख्या मास्तराचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे इथे नमूद करतो.

दुसऱ्याच दिवशी नंदकुमार मोतीलालशेठना सांगून आला, की यापुढे माल देणार नाही, परदेशी पार्टी येते आहे. शेठनी त्याला पान दिलं. "अच्छा है बेटा. कापड ओलसर जागी ठेवू नको, वास लागतो," एवढंच म्हणाले. नंदकुमारला ते मत्सरातून बोलले असं वाटलं. मलाही वाटलं. माग रात्रंदिवस चालले, माल साठत गेला. आधी गोदामात, मग ओसरीवर, मग त्याच्या आईच्या पलंगाखाली, मग पलंगावर. उषाच्या या मावशी चटई टाकून खाली झोपू लागल्या.

इकडे पाहुण्याच्या स्वागताची तयारी गल्लीने हाती घेतली. मी कुणाला बोलावलं नव्हतं. चुडामण म्हणाला, "माटसाब, परदेशी माणूस आपल्या गल्लीतून चालणार, आणि ही अशी फरशी? सिमेंटचा रस्ता करून देतो. फुकट. माझं काम त्यांच्या डोळ्यांखालून जाऊ द्या." मी नको म्हणायच्या आत त्याने गल्ली खणली. मग सिमेंट आलं नाही. सिमेंट का आलं नाही याची त्याने दर सकाळी वेगळी हकीकत सांगितली. पाहुणा आला त्या दिवशी माझ्या दारापुढे गुडघाभर चर होता, आणि केंद्रात यायला एक फळी. फळीवर चुडामणने लाल कापड घातलं होतं. त्यामुळे फळी कुठे संपते ते दिसत नव्हतं.

पाहुणा स्टेशनवर उतरला तो उन्हाळ्यात कोट घालून. उंच, टक्कल पडलेला, चेहऱ्यावर मास्तराची काळजी. हातात दोन जड पेट्या. हार घातल्यावर त्याने छातीवर हात ठेवून नाव सांगितलं, "लास्लो."

स्वागत समितीतल्या कुणीतरी तत्परतेने म्हटलं, "हां हां, लस्सी लो! अरे लस्सी लाओ!"

त्याने लस्सी प्यायली. तोंड पुसून पुढच्या माणसाला नाव सांगितलं. त्यानेही लस्सी मागवली. मी सगळ्यांना समजावत होतो की ते नाव आहे, पण पाहुणा लस्सी मागतोय आणि मास्तर देऊ देत नाही, अशी बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली. घरी धुरपदाबाई पितळी पेला घेऊन फळीच्या टोकाशी उभ्या. "पी बाबा. मास्तर कंजूष हाये." पेला घेऊन तो फळीवरून चालत असताना त्याने पुन्हा दुसरा हात छातीवर ठेवला, नाव सांगितलं, आणि चरात गेला. काखेतल्या पेटीसकट. पेला मात्र त्याने वर धरला होता, त्यामुळे धुरपदाबाईंचं त्याच्याबद्दल मत फार चांगलं झालं.

उषाने त्याचे पाय धुवायला पाणी दिलं, गुडघ्याला हळद लावली. तो 'थँक्यू, मादाम' म्हणाला, तर तिने मला विचारलं, "तुम्ही या माणसाला नेमकं काय सांगून बोलावलंय?" मी म्हटलं, "व्यापार." ती हळदीची वाटी उचलून आत गेली. तिचं असं आत जाणं मला इंग्रजीपेक्षा अवघड जातं.

मग आम्ही नंदकुमारच्या कारखान्यात गेलो. नंदकुमारने मागांना हार घातले होते. कापडाचे तागे छतापर्यंत. शेजारचा कारखानदार रमेशही येऊन उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण आमच्याकडे परदेशी माणूस बघायला बोलावणं लागत नाही. मी घसा साफ केला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. त्याच वेळी लास्लोनेही घसा साफ केला आणि त्याचं भाषण सुरू केलं. थोडा वेळ आम्ही दोघं एकदम बोलत होतो. तो थांबला नाही, म्हणून मी थांबलो, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे माझंच भाषण आहे. आमच्या गावात छोटे उद्योग आहेत. मोठे कारखाने बंद पडले. देशाचे दरवाजे उघडले. मी आमच्या लोकांना परदेशातली गिऱ्हाइकं शोधून देतो. हा माणूस माल घ्यायला नाही, विकायला आला होता!

"यू सेड, बाय, बाय," तो म्हणाला, आणि पेटी उघडली.

पेटीत डबे होते, डब्यांत लालभडक पूड. हंगेरीचं तिखट. तापीकाठी, निमाडात, म्हणजे मिरचीच्याच मुलखात, हा माणूस मिरची विकायला आला होता.

धुरपदाबाई मागोमाग आल्या होत्याच. त्यांनी चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. सगळा कारखाना त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांनी पुन्हा एक चिमूट घेतली.

"वं माय, हे तिखट हाय? गोड लागते! देवाले वाहाचं कुंकू असंन."

सगळे हसले. लास्लोही हसला, कारण त्याला वाटलं आवडलं. नंदकुमार हसला नाही. तो तागे बघत होता. मग माझ्याकडे बघत होता. "जिजाजी," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मोतीलालशेठना मी नाही म्हणून आलोय." माझ्याकडे धड्यातलं होतं तेवढं संपलं होतं.

तेवढ्यात वीज गेली. माग आणि पंखे एकदम बंद पडले. पत्र्याखाली उकडायला लागलं. बिचाऱ्या लास्लोने अखेर कोट काढला आणि उलटा करून हातावर टाकला.

नंदकुमार पुढे झाला. कोटाचं अस्तर त्याने चिमटीत धरलं, खिडकीच्या उजेडात नेलं. "हे माझं आहे."

"काय?"

"कापड. ही किनार बघा. हे माझ्या मागावरचं आहे!"

"तुझं?" रमेश पुढे आला. "चल हट. किनारीत हा लाल धागा कोण टाकतो? मी टाकतो."

"लाल धागा तू माझा बघून टाकायला लागलास!"

"अरे जा! तुझं कापड धुतल्यावर आक्रसतं, हे बघ कसं सरळ आहे!"

दोघांनी धरलं. एकाने बाहीकडून, एकाने खालून. लास्लोला वाटलं कोटाचं कौतुक चाललंय, तो 'प्लीज, प्लीज' म्हणत सोडून देत होता. मी मध्ये पडलो. मास्तर मध्ये पडला की भांडण मिटतं, असं शाळेत घडतं. इथे मी पडल्याबरोबर टर्रर्र आवाज झाला आणि अस्तर बगलेपासून खालपर्यंत उसवत फाटलं. एक तुकडा नंदकुमारच्या हातात, एक रमेशच्या. दोघंही आपापला तुकडा उजेडात धरून पुन्हा किनार बघू लागले.

खरं कापड कुणाचं होतं, देव जाणे. अस्तरासारखं अस्तर असतं. कदाचित तिसऱ्याच गावचं असेल.

लास्लो रागावला नाही. तो सुताच्या पोत्यावर बसला आणि कोट मांडीवर घेऊन बघत राहिला. "माय वेडिंग," तो म्हणाला. लग्नातला कोट. आमच्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग त्याने फाटलेल्या भागावरून बोट फिरवलं, छतापर्यंतच्या ताग्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "धिस... फ्रॉम हिअर?"

मी म्हटलं, "मे बी."

"आय केम सो फार," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. पोत्यावर बसून तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याला हसताना बघून मला इतकी लाज वाटली, की मार खाल्ला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर उषाने मला जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाली, "मावशी खाली झोपतात. मोतीलालशेठकडे जाऊन या. नंदूला पाठवू नका, तुम्ही जा."

इतवाऱ्यात शेठच्या पेढीवर मी गेलो. चपला काढून उभा राहिलो. शेठनी बसा म्हटलं, तरी बसलो नाही.

"शेठ, चूक माझी आहे. त्या पोराची नाही. त्याचा माल उचला."

शेठनी पानाचा डबा पुढे ओढला. अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "माटसाब, नंदूच्या बापाने मला एकदा शिव्या देऊन माल बंद केला होता. आठ दिवसांनी आला. मी तेव्हाही उचलला. शिव्यांचं काय, त्यांना गोदाम लागत नाही." उठता उठता त्यांनी विचारलं, "आणि ते लाल काय आणलंय म्हणतात तुमच्या पाहुण्याने? तिखट नाही म्हणता? रंग कसा आहे?"

मी म्हटलं, रंग फार छान आहे.

"मग पाठवून द्या त्याला इकडे. शेववाल्यांना रंगच पाहिजे असतो."

दुसऱ्या दिवशी लास्लो पेढीवर गेला तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही. शेठना इंग्रजी येत नव्हतं, त्याला हिंदी येत नव्हतं, आणि माझी मदत दोघांनीही घेतली नाही. मी पायरीवर बसून होतो. बाहेर आला तेव्हा त्याची एक पेटी रिकामी होती आणि तोंड पानाने रंगलं होतं. माझ्या केंद्रातून झालेला हा पहिला आंतरराष्ट्रीय सौदा. निर्यातीऐवजी आयात झाली, आणि मी ज्यांना मधून काढून टाकणार होतो त्यांनीच केली.

राहिला कोट. सिंधीपुऱ्यातल्या दत्तात्रय शिंप्याने तो उलटा करून पाहिला आणि म्हणाला, सगळं अस्तर नवं घालावं लागेल. नंदकुमार काही न बोलता घरी गेला आणि तागा घेऊन आला. त्याच्या मागोमाग रमेशही तागा घेऊन आला. पुन्हा जुंपणार असं दिसल्यावर दत्तात्रयने दोघांना बाहेर काढलं, आणि डाव्या बाजूला एकाचं, उजव्या बाजूला दुसऱ्याचं घातलं. रंग थोडा वेगळा दिसत होता. पण ते आत.

गाडीला सगळी गल्ली आली होती. चुडामण फळीवरचं लाल कापड पाहुण्याला भेट म्हणून घेऊन आला होता. धुरपदाबाईंनी मिरच्यांची पुरचुंडी दिली, "खरी हाय, जपून खा." उषाने डब्यात दशम्या दिल्या. उन्हाचा कहर होता, तरी लास्लोने मुद्दाम कोट अंगात घातला. बटणं उघडी ठेवली, दोन्ही पाखं हातांनी उघडून सगळ्यांना दाखवली. डावं नंदकुमारला, उजवं रमेशला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "यू, मी, सेम जॉब." मी मान हलवली.

"लास्लो!" शेवटचं त्याने सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि फलाटावरचा लस्सीवाला धावत आला.

गाडी हलली. तो दारात उभा, हातात पेला, कोट वाऱ्याने उघडलेला, आणि आतलं अस्तर लांबूनही चकाकत होतं. त्या अस्तराला अर्ज नव्हता, नमुना नव्हता, किलोत वजन लिहिलेलं नव्हतं, आणि खंडव्याच्या स्टेशनातून ते तसंच बिनपरवाना पुढे जाणार होतं.

कारखान्यातल्या त्या दुपारपासून नंदकुमार माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा झाला, तरी तो फलाटाच्या टोकाला उभाच होता. मग आला, माझ्या शेजारी थांबला, आणि रुळांकडे बघत म्हणाला,

"जिजाजी, माल गेला. थेट परदेश."